गोसेवा आणि सुईची गाठ

(गोशाळांचे कार्यकर्ते व गोपालक यांच्यासमोर झालेले भाषण)

२०२२ सालची वसुबारस महाराष्ट्रातील गोपालकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. लम्पी चर्मरोगाची साथ गावोगाव पसरली होती. गुरांचे बाजार बंद होते. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यांत लसीकरणाची पथके वाड्यावस्त्यांवर जाऊन आली होती आणि राज्यातील बहुतेक गाईबैलांना लसीची सुई टोचून झाली होती. त्या सायंकाळी निरांजनाचे तबक घेऊन गोठ्यात गेलेल्या कित्येक गृहिणींनी गाईच्या कपाळी हळदकुंकू वाहिले, तिच्या मानेवरून मायेने हात फिरवला आणि तो हात मध्येच थबकला. कातडीखाली गाठ लागत होती. कोठे सुपारीएवढी, कोठे लिंबाएवढी.

गाठ हाताला लागली की मते फुटतात. घरातील वडीलधारे म्हणतात, "ही लम्पीच." शेजारी म्हणतो, "लस बाधली. पुढच्या खेपेस टोचू द्यायचीच नाही." तिसरा कोणी पाते घेऊन पुढे होतो, "पू झाला असेल; चीर दिली की मोकळी होईल." तिघांचाही हेतू चांगला असतो. तिघांचीही गाईवर माया असते. परंतु गाठ कशाची आहे, हे तिघांपैकी एकानेही तपासलेले नसते.

आज विचार करावयाचा तो याच गाठीचा. विषय लहान वाटेल. गोवंशरक्षणाच्या सभेत सुईच्या गाठीची चर्चा कशाला, असेही कोणास वाटेल. परंतु गाय कसायाच्या हातून सोडवून आणली आणि गोशाळेत अस्वच्छ सुईने सडू दिली, तर त्या सेवेला सेवा म्हणावे काय? गोमातेवरील श्रद्धा ही या समाजाच्या रक्तात आहे. तिला उणे बोलण्याचे कारण नाही. उणीव आहे ती श्रद्धेच्या हाताला ज्ञानाची दृष्टी देण्याची. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गोपूजनापेक्षा गोपालनावर भर दिला, तेव्हा अनेकांची मने दुखावली होती. त्यांच्या मताशी सर्वांनी सर्वस्वी सहमत व्हावे असे नाही. तथापि पूजा करणाऱ्याने पालनही शास्त्रशुद्ध करावे, एवढ्यावर तरी मतभेद होण्याचे कारण नाही.

सुई आत शिरते तेव्हा

गाईची कातडी जाड असते आणि तिच्यावर केस, धूळ, शेण यांचा थर असतो. सुई आत जाते ती एकटी जात नाही. वाटेतील मळ आणि त्यातील जंतू सोबत घेऊन जाते. त्यात औषध तीव्र असेल, मात्रा मोठी असेल किंवा जनावराने हिसका दिल्याने सुई आतल्या आत फिरली असेल, तर स्नायूचे तंतू दुखावतात. दुखावलेला, रक्तपुरवठा तुटलेला स्नायू म्हणजे जंतूंना आयतेच घर. मग तेथे दाह होतो, सूज येते आणि पुढे गाठ होते.

परंतु प्रत्येक गाठ जंतूंची नसते. पहिला भेद करावयाचा तो येथेच. लाळ्या-खुरकुताच्या लशीत तेलाचा अंश असतो. तो हेतुपूर्वक घातलेला असतो. लस शरीरात हळूहळू मुरावी आणि प्रतिकारशक्ती अधिक काळ टिकावी, यासाठी. अशा लशीनंतर टोचल्या जागी घट्ट, फारशी न दुखणारी लहान गाठ येणे हे शरीराच्या प्रतिसादाचे लक्षण होय. ती काही आठवड्यांत ओसरते. गाय चरते आहे, रवंथ करते आहे, ताप नाही, गाठ वाढत नाही, तर त्या गाठीला हात न लावणे हाच उपचार.

दुसरा प्रकार रक्तगाठीचा. सुईने रक्तवाहिनी दुखावली की रक्त आत साचते. ही गाठ टोचल्यानंतर काही तासांतच दिसू लागते. आरंभी मऊ, पुढे रक्त गोठल्यावर घट्टसर होते. ती बहुधा आपोआप जिरते. तिला चीर देणे म्हणजे बंद झालेला रक्तस्राव पुन्हा सुरू करणे आणि निर्जंतुक जागेत जंतूंना बोलावणे.

तिसरा प्रकार म्हणजे खरे गळू, पुवाची गाठ. ही एका रात्रीत होत नाही. काही दिवस, कित्येकदा दोनतीन आठवडे जातात. गाईबैलांच्या शरीराचे एक वैशिष्ट्य असे, की ते जंतूंच्या भोवती जाड तंतुमय भिंत उभी करून त्यांना कोंडून टाकते. या कोंडणीमुळे रोग सर्वांगात पसरत नाही. पण त्याच भिंतीमुळे बाहेरून दिलेले प्रतिजैविकही आत पुरेसे पोहोचत नाही. पाच-पाच दिवस महाग इंजेक्शने देऊनही गळू तसेच राहिले, अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हे. अशा गळूंतून बहुधा ट्रूपेरेला पायोजेनिस, स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस या जातींचे जंतू सापडतात. पुवाला असह्य दुर्गंधी असेल, तर हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंची शंका घ्यावी लागते.

चौथा प्रकार पसरत्या दाहाचा. येथे भिंत उभी राहिलेली नसते. सुजेला काठ नसतो. ती मानेवरून खांद्याकडे, छातीखालच्या पोळीकडे उतरत जाते. जागा गरम लागते, बोट दाबले की खड्डा पडतो, गाईला ताप असतो. येथे दिरंगाई परवडत नाही.

आणि पाचवा प्रकार असा, की तो दिसताच घड्याळाकडे पाहावे लागते. क्लॉस्ट्रिडियम वर्गातील जंतू मातीत वास करतात. मळक्या सुईबरोबर ते खोल स्नायूत गेले, तर एकदोन दिवसांत सूज झपाट्याने वाढते. आरंभी गरम आणि अतिशय दुखरी असलेली जागा पुढे थंड व बधिर पडते, कातडी काळवंडते आणि वरून हात फिरवला तर आत वायू साठल्यामुळे कोरडा पाचोळा चुरल्यासारखा आवाज येतो. फऱ्या रोगात मांडी-खांद्यावर हीच खूण आढळते, हे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. ही खूण जाणवली तर सकाळची वाट पाहू नये. पशुवैद्य त्याच रात्री आला, तर गाय वाचण्याची आशा. नाही तर बहुधा नाहीच.

दुग्धज्वराने व्यालेली गाय आडवी पडते, तेव्हा मानेच्या शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते. ते औषध शिरेच्या बाहेर सांडले तर भोवतालचे मांस जळते. मानेच्या खोबणीत लांबट सूज दिसते आणि ती शीर दोरखंडासारखी कडक लागते. तेथे पू झाला, तर तो रक्ताच्या वाटेने हृदयाच्या झडपांपर्यंत आणि फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मानेवरील प्रत्येक सूज सारखी नसते, हे ध्यानी ठेवावे.

निदान म्हणजे प्रश्न विचारणे

गाय बोलत नाही. तिच्या वतीने साक्ष द्यावयाची ती गोपालकाने. पशुवैद्य आल्यावर प्रथम विचारतो तो प्रश्न गाठीचा नसतो, तिच्या इतिहासाचा असतो. सुई कधी टोचली? कोणते औषध, किती मात्रा? कोणत्या बाजूला? कोणी टोचली? त्याच सुईने आधी किती जनावरे झाली? सूज त्याच दिवशी आली की आठवड्याने? या प्रश्नांची उत्तरे अर्धे निदान करून देतात. दुर्दैवाने अनेक गोठ्यांत आणि गोशाळांत त्यांचे उत्तर एकच असते, "लक्षात नाही."

त्यानंतर पाहणे. गाठ एक आहे की अनेक? लम्पीमध्ये गाठी एका जागी राहत नाहीत. मान, पाठ, पाय, कास अशा सर्वांगावर गोल, घट्ट, उठून दिसणाऱ्या गाठी येतात, आधी चांगला ताप येतो, पायांवर सूज उतरते. टोचल्या जागीच असलेली एकटी गाठ म्हणजे लम्पी नव्हे. परंतु येथे एक गुंता आहे. रोगाचा विषाणू लस टोचण्यापूर्वीच अंगात शिरला असेल, तर लशीनंतर काही दिवसांनी लम्पी उद्भवते आणि दोष लशीच्या माथी येतो. लशीचे संरक्षण निर्माण व्हावयास दोनतीन आठवडे लागतात, हे समजावून सांगणारा कोणी त्या वेळी गोठ्यात असावा लागतो.

मग स्पर्श. हाताच्या पाठीमागील बाजूने उष्णता पाहावी आणि मानेच्या दुसऱ्या बाजूशी तुलना करावी. दाबल्यावर गाय अंग चोरते काय? गाठ दगडासारखी आहे, की दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून दाबली असता आत पाणी हलल्यासारखे वाटते? खांद्याच्या पुढे, मानेच्या मुळाशी एक मोठी लसिकाग्रंथी असते. गोचिडांमुळे होणाऱ्या थायलेरिया रोगात ती ग्रंथी फुगते. सुई मानेतच टोचलेली असल्याने ही फुगलेली ग्रंथी म्हणजे इंजेक्शनची गाठ, असा समज सहज होतो. विशेषतः संकरित गाईत तीव्र ताप आणि फुगलेली ग्रंथी असे दिसले, तर रक्ततपासणीविना निष्कर्ष काढू नये.

तापमापक प्रत्येक गोठ्यात असावा. निरोगी प्रौढ गाईचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. गाठ आहे पण ताप नाही, आणि गाठ आहे व ताप १०५ आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे एक साधन हाती असले, तरी पशुवैद्याला दूरध्वनीवर सांगावयाची बातमी निराळी होते.

तरीही गाठीच्या आत काय आहे, हे बाहेरून निश्चित सांगता येत नाही. ते पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे केस कापून, जागा स्वच्छ करून निर्जंतुक सुईने आतील द्रव काढून बघणे. पशुवैद्याने करावयाचे हे काम आहे. घरगुती प्रयोगाचा हा विषय नाही. पिवळसर, हिरवट दाट पू आला तर गळू. रक्त आले तर रक्तगाठ. पातळ, गवताच्या काडीच्या रंगाचे पाणी आले तर साधी सूज. यातही दोन सावधगिऱ्या आहेत. गाईचा पू इतका दाट असतो, की बारीक सुईतून तो येतच नाही. म्हणून सुई जाड लागते आणि काही आले नाही म्हणून पू नाहीच, असे समजता येत नाही. दुसरे असे, की निर्जंतुक रक्तगाठीत अस्वच्छ सुई गेली, तर निदानाच्या नावाखाली आपणच तेथे गळू निर्माण करतो. जेथे सोनोग्राफीची सोय आहे, तेथे गाठीची भिंत, आतील द्रव आणि खोली न टोचता दिसते.

गाठ वारंवार उद्भवत असेल, किंवा एकाच गोठ्यात अनेक जनावरांना होत असेल, तर पुवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला बधतो, हे तेथे कळते. पुण्यात औंध येथे राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. नागपुरात पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. ही व्यवस्था आपल्याच करातून उभी राहिली आहे. तिचा उपयोग करून घेण्याची सवय मात्र अद्याप आपल्याला लागलेली नाही.

सुश्रुताने घालून दिलेला दंडक

हे सारे ऐकताना कोणास वाटेल, की ही पाश्चात्त्यांची विद्या आहे. सुई आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडून आले, हे प्रांजळपणे मान्य करावे. परंतु सूज पिकली की कच्ची आहे, हे पाहिल्याविना शस्त्र लावू नये, हा विचार या भूमीला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय याच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्याचे नावच 'आमपक्वैषणीय', म्हणजे कच्चे काय आणि पिकलेले काय याचा शोध.

सुश्रुताने व्रणशोथाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. आम, पच्यमान आणि पक्व. आम अवस्थेत उष्णता थोडी, वेदना थोडी, कातडीचा रंग फारसा पालटलेला नसतो आणि सूज घट्ट असते. पच्यमान अवस्थेत सुया टोचाव्यात, मुंग्या चावाव्यात अशा वेदना होतात. दाह, ताप, तहान आणि अन्नाची अरुची असते. पक्व अवस्थेत वेदना शमतात, सूज थोडी उतरते, कातडीवर सुरकुत्या येतात, बोटाने दाबले की खळगा पडून पुन्हा भरतो आणि आतला पू पाण्याने भरलेल्या पिशवीतील पाण्यासारखा एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. आजचा पशुवैद्य दोन बोटांनी जी द्रवाची हालचाल तपासतो, तीच ही खूण.

सुश्रुत येथेच थांबत नाही. पू खोलवर असेल तर वरची लक्षणे फसवी ठरतात, असा इशाराही तो देतो. आणि जो वैद्य अज्ञानाने कच्ची सूज कापतो व जो पिकलेल्या सुजेची उपेक्षा करतो, त्या दोघांनाही तो एकाच कठोर शब्दाने झिडकारतो. घाई आणि हयगय यांत त्याने भेद केला नाही. दोन्हींचे मूळ एकच, निश्चय न करता वागणे.

हे विवेचन माणसांसाठी होते, हे खरे. पण अश्व, गज यांच्या चिकित्सेचे स्वतंत्र ग्रंथ या देशात झाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोधनावर देखरेख करणाऱ्या गोऽध्यक्षासाठी एक संपूर्ण अध्याय आहे. पशू हे नोंद ठेवून, निगा राखून सांभाळावयाचे धन आहे, ही दृष्टी आपली होती. पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचा असेल, तर त्यांच्या काटेकोरपणाचाही वारसा घ्यावा लागेल. सुश्रुताचे नाव घ्यावयाचे आणि कच्च्या गाठीवर पाते चालवावयाचे, हा त्याचा सन्मान नव्हे.

चुकीची किंमत कोण मोजते?

खेड्यांत आजही सुजेवर तापलेल्या लोखंडाचा डाग दिला जातो. गाठ दाबून पिळली जाते. गंजक्या पात्याने चीर देऊन आत हळद कोंबली जाते. पिकलेले गळू उघडावयाचे ते सर्वांत खालच्या भागी, म्हणजे पू आपोआप निथळेल. आतील पोकळी जंतुनाशक द्रावणाने धुवावी लागते. जखम वरून लवकर मिटू देता येत नाही, नाही तर आत पुन्हा पू साचतो. माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून रोज पाहावे लागते. पुवाने माखलेला बोळा गोठ्यात टाकला, तर तोच रोग दुसऱ्या गाईच्या जखमेत जातो. हे काम शिकलेल्या हातांचे आहे.

चुकीच्या निदानाची किंमत गाय तर मोजतेच. तिचे दूध आटते, ती खुराक सोडते, मान वळवता येत नाही म्हणून गव्हाणीशी उभी राहते. नितंबात चुकीच्या जागी सुई गेली आणि मज्जातंतू दुखावला, तर वासरू कायमचे लंगडे होते. परंतु किंमत घरातील लेकरूही मोजते. रक्तगाठीला गळू समजून प्रतिजैविक दिले, तर ते दुधात उतरते. औषधानंतर ठरावीक काळ दूध विकू नये, पिऊ नये, असे वेष्टनावर लिहिलेले असते. ते वाचणारे किती आणि पाळणारे किती? अनावश्यक औषधाने जंतू निर्ढावतात आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा औषध चालत नाही. गाईलाही नाही आणि माणसालाही नाही.

शहरांच्या आसपासच्या काही तबेल्यांतील एक प्रकार तर लाजिरवाणा आहे. जनावराने पान्हा लवकर सोडावा म्हणून दोन्ही वेळच्या धारेपूर्वी ऑक्सिटोसिनची सुई टोचली जाते. तीच सुई, तीच पिचकारी, रोज, साऱ्या रांगेला. त्या जनावरांच्या अंगावरील गाठींचे निदान करण्यास पशुवैद्य लागत नाही. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे इंजेक्शन देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमान्वये गुन्हा आहे. वासराच्या ढुशीने पान्हा सोडणारी माता आणि सुईने पान्हा ओरबाडणारा मालक, यांत संस्कृती कोणत्या बाजूला आहे हे सांगावयास नको.

अमेरिकेची गोष्ट

अमेरिकेत गाय ही मांसासाठी वाढवली जाते. तेथे १९९१ साली गोमांसाच्या गुणवत्तेची देशव्यापी पाहणी झाली. जनावरांच्या मागच्या पुठ्ठ्यातील मांसात इंजेक्शनचे जुने व्रण आणि कडक झालेले तंतू आढळत असल्याने व्यवसायाचे नुकसान होत होते. त्यांनी कारण शोधले, पशुपालकांना शिकवले, इंजेक्शनची जागा पुठ्ठ्यावरून मानेवर आणली, एका जागी मोठी मात्रा देऊ नये हे पटवले. पुढील दहा वर्षांत तेथे असे व्रण पुष्कळच कमी झाले.

त्यांचा हेतू आपला नव्हे. त्यांच्या ताटातील जिन्नस आपल्याला मान्य नाही. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ज्यांनी गाईकडे केवळ मांस म्हणून पाहिले, त्यांनी पैशासाठी का होईना, सुईची शिस्त लावून घेतली. ज्यांनी तिला माता म्हटले, त्यांनी तिच्या वेदनेसाठी ती शिस्त लावून घेऊ नये काय? पैशाची प्रेरणा जे करू शकते ते भक्तीची प्रेरणा करू शकत नसेल, तर दोष भक्तीच्या सामर्थ्यात नाही. आपल्या आळसात आहे.

सुईची शुचिता

शिस्त कठीण नाही. एका जनावराला एक सुई. बाटलीत वापरलेली सुई पुन्हा घालावयाची नाही. शेणाने माखलेल्या किंवा भिजलेल्या जागी टोचावयाचे नाही. आधी जागा स्वच्छ करून कोरडी करावयाची. वाकलेली, बोथट सुई टाकून द्यावयाची. जनावर नीट बांधून, आवरून मगच टोचावयाचे. स्नायूत देण्याच्या औषधासाठी मानेची जागा निवडावी. मात्रा मोठी असेल तर ती दोन जागी विभागावी. काही लशी जिवंत विषाणूंच्या असतात. त्यांच्या पिचकारीला जंतुनाशक लागले तर लसच निकामी होते. म्हणून तेथे निर्जंतुक एकदा-वापराची साधने किंवा उकळून थंड केलेली पिचकारीच हवी. लस बर्फात राहिली पाहिजे आणि शेवटच्या गोठ्यापर्यंत बर्फात पोहोचली पाहिजे.

आणि गाठीच्या भीतीने लस नाकारू नये. लम्पीने भारतात प्रथम २०१९ साली ओडिशात प्रवेश केला. २०२२ च्या साथीत देशभरात दीड लाखांहून अधिक गोवंश मृत्युमुखी पडला. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश आहे. एवढ्या गोधनाला लस टोचण्यासाठी पशुधन पर्यवेक्षकांनी, पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी पावसाचिखलात जे श्रम घेतले, त्यांचे कौतुक झाले पाहिजे. लशीची गाठ काही आठवड्यांची असते; साथीने रिकामी केलेली दावण वर्षानुवर्षे भरत नाही. टोचणाऱ्याला अडवू नये, त्याला सुई बदलावयास सांगावे. यातील पहिले अज्ञान आहे, दुसरा हक्क आहे.

कार्यकर्त्यांसाठी काम

बंधुभगिनींनो, प्रत्येक गोशाळेत एक नोंदवही असावी. गाईचे नाव वा कानातील बिल्ल्याचा क्रमांक, दिनांक, औषध, मात्रा, बाजू, टोचणाऱ्याचे नाव. एका ओळीची नोंद. टोचल्यानंतर तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी त्या जागेवरून हात फिरवावा आणि जे लागेल ते लिहावे. गाठ वाढते आहे की ओसरते आहे, हे स्मरणावर सोडू नये. एक तापमापक, वापरलेल्या सुया टाकण्यासाठी एक झाकणाचा डबा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असावा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. तोही लिहून ठेवावा. गावातील युवकांनी पशुवैद्याला बोलावून वर्षातून एकदा स्वच्छ टोचणी आणि गाठीची ओळख यांचे शिक्षण घेतले, तर त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना मंडप.

यात महिलांचा वाटा सर्वांत मोठा आहे. धार काढताना, वैरण घालताना गाईच्या अंगावर रोज ज्यांचा हात फिरतो, त्या त्याच. काल नव्हती ती गाठ आज आहे, हे प्रथम त्यांनाच कळते. तो हात थबकला, तर त्याच्या मागे "कधी टोचले होते?" हा प्रश्न उभा राहावा आणि त्याचे उत्तर वहीत सापडावे, एवढीच अपेक्षा आहे.

वसुबारस दरवर्षी येईल. निरांजन उजळेल, गाईच्या पायावर पाणी पडेल, नैवेद्याचा घास तिच्या मुखी जाईल. त्या पूजेत एक गोष्ट अधिक व्हावी. कुंकू लावणाऱ्या हाताने तिची मानही चाचपून पाहावी.